चित्रग्रीवाची गोष्ट: 'एकीचे बळ' सोडून नेतृत्वाचं त्यात काय आहे?

मुठेकाठचा
जाळ्यासकट उडालेल्या कबुतरांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पारध्याने तांदूळ पसरले, कबुतरं उतरली, अडकली, सगळ्यांनी एकदम पंख मारले, उंदराने जाळं कुरतडलं. तात्पर्य: एकीचे बळ. नेतृत्व शिबिरांतही हल्ली हेच तात्पर्य पडद्यावर लावतात आणि समोसा देऊन लोकांना घरी पाठवतात.

माझं म्हणणं, एकी हा या गोष्टीतला सगळ्यात सोपा भाग आहे. गळ्याशी आल्यावर एकी कोण करत नाही? हितोपदेशातला चित्रग्रीव, म्हणजे या कबुतरांचा राजा, नेता म्हणून चार ठिकाणी कसाला लागतो. निर्जन रानात तांदळाचे दाणे आले कुठून, ही शंका तोच काढतो आणि त्याचं कुणी ऐकत नाही. अडकल्यावर, ज्याच्या सांगण्यावरून खाली उतरले त्याच्यावर सगळे तुटून पडतात, तेव्हा 'याचा दोष नाही' असं तोच म्हणतो. मग उड्डाण. आणि शेवटी हिरण्यक उंदीर मैत्रीखातर आधी त्याचे पाश तोडायला येतो, तर हा म्हणतो, आधी माझ्या माणसांचे. मुलांच्या पुस्तकात यातलं फक्त उड्डाण उरतं.

प्रश्न असा: गणेशोत्सवाआधी मंडळाच्या पंचवीसेक कार्यकर्त्यांसाठी, वय १८ ते ३०, यावर दीड तासाचं सत्र घ्यायचं तर कुठल्या जागेला किती वेळ द्यावा आणि करून काय घ्यावं? भाषण नको. भाषणं ऐकायला पुण्यात जागा कमी नाहीत.

अर्धा_कटिंग
समोसा असेल तर एकीचं तात्पर्यही चालेल. बसलोय.

शाल्मली
आधी एक ठरवा, गोष्ट कुठली घेणार? कारण चित्रग्रीव दोन आहेत.

हितोपदेशातली गोष्ट सुरू होते गोदावरीच्या काठच्या सावरीच्या झाडापासून. तिथे तुम्ही म्हणता तसं, नेत्याला धोका दिसतो आणि बाकीचे ऐकत नाहीत. पंचतंत्राच्या प्रचलित पाठात मात्र उलटं आहे. तिथे जाळं दिसतं ते लघुपतनक कावळ्याला. तो चित्रग्रीवाला अडवायला बघतो, तरी जिभेच्या लालसेने राजा परिवारासकट उतरतो. म्हणजे एका गोष्टीत नेत्याचं लोकांनी ऐकलं नाही आणि दुसऱ्या गोष्टीत नेत्यानेच बाहेरच्याचं ऐकलं नाही. दोन्हींतून निघणारी चर्चा अगदी वेगळी.

उंदराचा भागही वेगळा आहे. हितोपदेशात हिरण्यक सरळ सांगतो, माझे दात नाजूक आहेत. आधी तुझे पाश तोडतो, मग दात टिकतील तोवर इतरांचे. पंचतंत्रात चित्रग्रीव म्हणतो, माझा पाश तोडताना तुझे दात मोडले किंवा पारधी येऊन ठेपला तर माझ्या माथी नरक. त्यावर उंदीर म्हणतो, राजधर्म मलाही ठाऊक आहे, तुझी परीक्षा बघत होतो. माझं मत, सत्रासाठी हितोपदेशाचे नाजूक दात घ्या. परीक्षा म्हटली की पेच संपला, सगळे सुटणार हे आधीच ठरलेलं. दात खरोखर कमी पडणार असतील तरच निर्णयाला वजन येतं.

दोरखंड
अवांतर: हिरण्यक राहतो गंडकीच्या काठी, चित्रवनात. कबुतरं गोदावरीच्या काठावरून निघालेली. हे अंतर सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या आसपास. मोकळं, शर्यतीचं कबुतर ताशी ७०-८० किलोमीटरने गेलं तरी बारा तासांच्या वर. आणि हे जाळ्यासकट! पारध्याने नाद सोडला यात नवल नाही.

अर्धा_कटिंग
जवळपासचा एकही उंदीर ओळखीचा नव्हता? नेटवर्किंग कच्चं.

प्रश्नोपनिषद
धाग्याच्या मूळ मांडणीशी मी सहमत नाही. चित्रग्रीवाला आदर्श करण्याआधी पहिली जागा नीट तपासा. धोका दिसतोय, समोर भुकेलेला थवा आहे, आणि हा काय करतो? म्हाताऱ्या वाघाची आणि सोन्याच्या कड्याची गोष्ट सांगत बसतो! लोभी वाटसरू, चिखल, स्नान, सगळं तपशिलात. म्हणजे जेवणाची सुट्टी झाल्यावर चाळीस स्लाइडचं सादरीकरण. मग एक कबूतर म्हणतं, म्हाताऱ्यांचा सल्ला संकटात घ्यावा. प्रत्येक ठिकाणी असाच विचार करत बसलो तर जेवणसुद्धा होणार नाही. गोष्टीत त्याला गर्विष्ठ म्हटलंय. मला त्याचं वाक्य रास्त वाटतं. शंका काढणाऱ्याने शंका तपासण्याचा स्वस्त मार्गही द्यायला हवा. एक कबूतर खाली पाठवायचं, बाकीचे झाडावर. अडकला तर एक अडकला. चित्रग्रीवाने हा पर्यायच ठेवला नाही: सगळे उतरा नाहीतर सगळे उपाशी.

आणि वर तो स्वतःही उतरला. याला तुम्ही निष्ठा म्हणणार, मी म्हणतो बाहेर राहून मदत आणू शकणारा एकमेव जाणता पक्षी जाळ्यात गेला.

शाल्मली
@प्रश्नोपनिषद, 'एक कबूतर पाठवा' हे आवडलं, पण कोणतं पाठवणार? तिथे पुन्हा नेतृत्वाचाच प्रश्न येतो. तो बाहेर राहिला असता तर, हे मात्र मान्य नाही. जाळ्यातले सगळे घाबरलेले, एकमेकांना शिव्या देतायत. झाडावरून 'एकदम उडा रे' ओरडणाऱ्याचं कुणी ऐकलं असतं? तो त्याच जाळ्यात होता म्हणून ऐकलं.

दुसऱ्या जागेबद्दल एक सांगायचं राहिलं. दोष कुणाचा या वादात तो जो दाखला देतो तो कार्यकर्त्यांना जरूर सांगा. धार काढताना वासराला बांधायला आईचीच तंगडी खांब होते. म्हणजे संकट यायचं असलं की हित बघणाराही त्याला निमित्त होतो. लगेच पुढे म्हणतो, 'विपत्काले विस्मय एव कापुरुषलक्षणम्', संकटात भांबावून बसणं हेच भेकडाचं लक्षण. दोषाचा विषय दोन वाक्यांत मिटवून थेट 'आता काय करायचं' यावर येतो. याच ठिकाणी आणखी एक व्यवहारी श्लोक आहे, पोटात दुखेल असा: जमावाच्या पुढे होऊ नये; काम झालं तर फळ सगळ्यांना सारखं, आणि बिघडलं तर पुढे बोलणारा मारला जातो.

अर्धा_कटिंग
हा श्लोक सोसायटीच्या वार्षिक सभेत फलकावर लिहिला पाहिजे. तसाही सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नसतो, निदान कारण तरी संस्कृतात मिळेल.

टिपरू
उड्डाणावर बोलतो, कारण सगळे त्याला 'सोपा भाग' म्हणून पुढे निघालेत. चाळीस जणांनी एका क्षणी एकच गोष्ट करणं अजिबात सोपं नसतं.

'एक, दोन, तीन' घ्या. तीन म्हणताच उचलायचं की तीन म्हणून झाल्यावर? मोठी मूर्ती हलवताना निम्मे तीनवर उचलतात, निम्मे तीननंतर. एक बाजू आधी वर जाते, वजन दुसऱ्या बाजूच्या मनगटांवर येतं, कुणीतरी सोडतं. मोजणी सुरू करण्याआधी एकदा रिकाम्या हातांनी मोजून घ्यायची, आणि उचलीचा शब्द आकडा नसावा. 'एक, दोन, उचल.' दुसरं, उचल म्हणणारा एकच. मागून कुणी 'थांब थांब' म्हटलं तर थांबायचं का, हेही आधी ठरलेलं हवं. थांबवण्याचा अधिकार सगळ्यांना, उचल म्हणण्याचा एकालाच.

ढोलपथकात हाच प्रश्न रोजचा. हात, म्हणजे वाजवायचा ठेका, बदलायची खूण ताशाकडून येते, ढोल ती उचलतो. पण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पथकाची लांबी ३४ मीटर झाली की शेवटच्या रांगेला ताशा सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो. वेगवान हातात तेवढ्यात ठेका फाटतो. म्हणून मागच्या रांगांनी कानापेक्षा डोळ्यावर चालायचं: पुढच्याचं टिपरू (ढोल वाजवायची काठी) बघायचं, मधे उभ्या असलेल्याच्या हाताची खूण बघायची. जोरात वाजवून हे सुटत नाही, उलट आणखी फाटतं. नेता पुढून कितीही ओरडला तरी मधल्या माणसांवाचून हुकूम शेपटाशी वेळेवर पोचत नाही.

मुठेकाठचा
@टिपरू, दंडवत. 'थांब'चा अधिकार सगळ्यांना, हे सत्रात घालणारच.

दोरखंड
मग जाळ्याचा हिशोबही करू या. रानकबुतर (पारवा म्हणा) साधारण ३२५ ग्रॅमचं धरू. शिकवलेली निरोप्या कबुतरं जास्तीत जास्त ७५ ग्रॅमच्या आसपास ओझं नेतात. समजा चाळीस पक्षी. सगळे उडाले तर उचल ४० × ७५ म्हणजे तीन किलो. सुती जाळं, कोरडं असेल, तर निघेल.

आता काही जण नुसते बसून राहिले असं धरा. बसलेला पक्षी ७५ ग्रॅम कमी करतो एवढंच नाही, स्वतःचे ३२५ ग्रॅम इतरांच्या गळ्यात टाकतो. सात जण बसले तर उरलेल्या ३३ जणांची उचल २४७५ ग्रॅम, सातांचं वजन २२७५. जाळ्याला उरले दोनशे ग्रॅम. आठ बसले तर उचल २४००, वजन २६००. जाळं हवेचं असलं तरी उडणार नाही. चाळीसात आठ!

शिवाय दिशा. उभ्या रेषेपासून ६० अंश तिरकी ओढ उचलीच्या कामी अर्धीच येते. समोरासमोरचे दोघे आडवे ओढू लागले तर त्यांची ताकद एकमेकांतच जिरते, आणि दोघांनाही वाटतं आपण फार दमलो.

अर्धा_कटिंग
हे शेवटचं वाक्य म्हणजे दोन उपाध्यक्ष असलेलं कुठलंही मंडळ.

निवांत_पारवा
खऱ्या कबुतरांबद्दल: २०१० साली 'नेचर'मध्ये बुडापेस्ट आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांचं काम आलं होतं. दहापर्यंत कबुतरांच्या थव्यात प्रत्येकाच्या पाठीवर छोटं जीपीएस बसवून कोण वळतं आणि किती वेळाने कोण त्याच्यामागे वळतं ते मोजलं. एक राजा आणि बाकी प्रजा असं निघालं नाही, उतरंड निघाली. मधले पक्षी वरच्याच्या मागे वळतात आणि त्यांच्यामागे खालचे. पुढे असणाऱ्यांचा वाटा जास्त. आणि गंमत म्हणजे अनुयायी आपल्या डाव्या बाजूला, म्हणजे डाव्या डोळ्याला दिसणाऱ्याला जास्त चटकन प्रतिसाद देतात. टिपरू म्हणतात ती मधली माणसं थव्यातही आहेतच.

प्रश्नोपनिषद
चौथ्या जागेकडे वळू. 'आधी माझ्या माणसांचे पाश तोड' ऐकायला छान. विमानात काय सांगतात? आधी स्वतःचा मास्क, मग शेजारच्या मुलाचा. ३५,००० फुटांवर हवेचा दाब गेला तर शुद्धीत राहून काही करायला अर्धा ते एक मिनिट मिळतं. तेवढ्यात मुलाच्या मास्कशी खेळत बसलात तर दोघेही गेलात.

आणि इतिहासातलं हवं तर जुलै १६६०, पन्हाळा ते विशाळगड. महाराज पुढे गेले, बाजीप्रभू आणि बांदलांचे लोक घोडखिंडीत थांबले. तिथे नेता आधी सुटला, आणि तेच बरोबर होतं.

शाल्मली
मास्कचा दाखला चांगला आहे, पण तो इथे बसत नाही. प्राणवायू नसलेला माणूस निर्णय घेऊ शकत नाही. जाळ्यात पाय अडकलेला चित्रग्रीव घेऊ शकतो, बोलू शकतो, क्रम लावू शकतो. बांधलेला असल्याने त्याचं नेतृत्व थांबत नाही, फक्त त्याचा जीव धोक्यात असतो.

घोडखिंडीत सिद्दीच्या फौजेला हवं होतं ते एक माणूस. तो निसटला की डाव निसटला. पारध्याला मात्र कुठलंही कबूतर चालतं, त्याच्या लेखी राजा आणि प्रजा सारखंच मांस. कोण आधी सुटावं हे शत्रूला काय हवंय त्यावरही ठरतं.

टिपरू
घोडखिंडीत आणखी एक गोष्ट आहे जी सगळे विसरतात. गडावर पोचल्यावर तोफांचे आवाज करायचे हे ठरलेलं होतं. मागच्यांनी कुठपर्यंत लढायचं याची खूण पुढे गेलेल्याने द्यायची. आधी सुटणाऱ्यावर हे कर्ज राहतं. मिरवणुकीत तर ही चूक नेहमीची: पुढचे पोचले, मोबाईल बंद, आणि दोर धरून मागे उभे असलेल्यांना संपलं की नाही हेच कळत नाही.

मुठेकाठचा
मग मंडळाच्या भाषेत आणतो. विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते. दोर धरणारे, ट्रॅक्टरच्या चाकाशी चालणारे आणि ढोलवाले आधी जेवणार, अध्यक्ष शेवटी. इथपर्यंत चित्रग्रीव. पण अध्यक्ष तीस तास जागा असेल तर चौकात मिरवणूक थांबवायची की नाही हे ठरवायला तो नालायक. ती प्रश्नोपनिषदांची मास्कची केस. म्हणजे जेवण शेवटी, झोप पाळीपाळीने आणि अध्यक्षाची झोप आधीपासून वेळापत्रकात लिहिलेली. तो झोपला असताना 'उचल' कोण म्हणणार, त्याचं नावही लिहिलेलं.

प्रश्नोपनिषद
हे चालेल. अध्यक्ष झोपायला तयार होतो का ते बघा.

सुगरण_पक्षी
सगळे एका जाळ्याबद्दल बोलताय. दुसऱ्या दिवसाची गोष्ट जातककथांत आहे, सम्मोदमान जातक, क्रमांक ३३. तिथे लावे पक्षी आहेत. जाळं पडलं की प्रत्येकाने एकेका छिद्रातून डोकं घालायचं, जाळं उचलून काटेरी झुडपावर टाकायचं आणि खालून निसटायचं. रोज हेच. पारध्याची बायको विचारते, रिकाम्या हाताने का येतोस? तो म्हणतो, थांब, भांडतील तेव्हा आणीन.

आणि भांडण कशावरून? चरायला उतरताना एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडला. त्याने लगेच सांगितलं, चुकून पडला, रागावू नको. तरी दुसरा धुमसत राहिला. मग सुरू: 'जाळं काय तूच एकटा उचलतोस वाटतं?' जाणता लावा हे ऐकतो आणि आपल्या लोकांना घेऊन निघून जातो. पुढच्या वेळी जाळं पडल्यावर एक म्हणतो, उचलताना तुझ्या डोक्यावरचे केस गेले म्हणे, उचल आता. दुसरा म्हणतो, तुझी पिसं झडली ना, तूच उचल. तेवढ्यात पारधी सगळ्यांना गोळा करतो.

माफी मागून झाली होती हे लक्षात घ्या. भांडण पायावरून नव्हतंच, कालच्या उचलीच्या श्रेयावरून होतं. महाभारतात उद्योगपर्वात विदुरही अशीच गोष्ट सांगतो, तिथे दोनच पक्षी जाळं घेऊन उडतात आणि भांडून पडतात. सत्रात चित्रग्रीवानंतर दहा मिनिटं लाव्यांना द्याच. 'काल कुणी किती उचललं' हे उत्सव संपल्यावर आठ दिवसांत, एकदाच, सगळ्यांसमोर बोलून टाकायचं. न बोललेलं श्रेय पुढच्या वर्षीपर्यंत आंबतं.

प्रश्नोपनिषद
जाणता लावा आपले लोक घेऊन निघून गेला, हे नेतृत्व की पक्षफूट?

सुगरण_पक्षी
जे वाचले त्यांना विचारा.

दोरखंड
मूळ प्रश्नाकडे येतो, करून काय घ्यायचं.

पहिला खेळ, उचल. जुनी डबल बेडशीट, कडेने दहा जण. मधोमध ताटली, ताटलीत स्टीलचा पेला पाऊण भरून पाणी. ताटली विसरू नका, नुसता पेला ठेवला तर कापडाच्या खळग्यात पहिल्याच पावलाला आडवा होतो. पंधरा पावलं चालून टेबलावर ठेवायचा. एक फेरी कुणी बोलायचं नाही. दुसऱ्या फेरीत सगळ्यांनी बोलायचं. तिसरीत एकाने बाहेर उभं राहून सांगायचं. चौथीत सांगणाऱ्यानेही एक कोपरा धरायचा. बाहेरच्याला पेला दिसतो पण ओढ कळत नाही, धरणाऱ्याला ओढ कळते पण पेला नीट दिसत नाही, आणि चर्चा तिथे रंगते. उंच मुलं एका बाजूला उभी करू नका, चादर कलते आणि खेळ वाया जातो.

दुसरा खेळ, दात. दहा जण गोलात, प्रत्येकाचं एक मनगट मधल्या जाड दोराला सुतळीने बांधलेलं. सरकती गाठ नको, ओढली की आवळते. साधी दुहेरी गाठ, आत दोन बोटं जातील इतकी सैल. कात्री बोथट टोकाची, बाहेरच्या 'हिरण्यका'कडे. त्याला फक्त सात काप मिळणार, हे त्यालाच माहीत. दालनाच्या टोकाकडून पारधी दर पाच सेकंदांना एक पाऊल टाकत येतो. पंधरा पावलं म्हणजे सव्वा मिनिट. क्रम बांधलेल्या नेत्याने सांगायचा.

शाल्मली
एक दुरुस्ती. गोष्ट आधी सांगितलीत तर प्रत्येक नेता तोंडपाठ म्हणणार, 'माझा शेवटी'. फुकटचा त्याग. आधी खेळ, मग गोष्ट. आणि एखाद्याने स्वतःचा पाश आधी तोडायला लावला तर त्याला हसू नका, कारण विचारा. कदाचित मास्कवाला हिशोब असेल. चित्रग्रीवानेही 'आधी आश्रितांचे' एवढंच म्हटलंय, आश्रितांतला पहिला कोण हे गोष्टीत नाहीच. खरी चर्चा तिथे आहे: जवळचा आधी, अशक्त आधी, की सुटून दुसऱ्याच्या गाठी सोडवू शकेल तो आधी?

टिपरू
तिसरा. सुटलेल्याचे दोन्ही हात मोकळे, गाठी हाताने सुटतात. सात काप मग दहांना पुरतात. बघा किती जणांना हे सुचतं.

मुठेकाठचा
वा! आता ठरवतो. उचल २५ मिनिटं, दात ३०, गोष्ट आणि दोष कुणाचा यावर २०, लावे १०, उरलेली पाच उशिरा येणाऱ्यांना. सुतळी आणि दोर बोहरी आळीत घेईन, चादर कुणाच्या तरी घरची. राहिला एकच प्रश्न, पारधी कुणाला करायचं? सगळे ओळखीचे, कुणालाच भीती वाटणार नाही.

अर्धा_कटिंग
खजिनदाराला. हातात वर्गणीचं पावतीपुस्तक दिलं की वेगळा मेकअप लागणार नाही.